शेवटच्या टाकीचं पाणी

१२ ऑगस्ट १९७२, धुळे
पोचले एकदाची! भाचा शालिग्राम इथल्या कॉलनीच्या सांडपाणी केंद्राचा ओव्हरसियर. क्वार्टर हवेशीर. त्याची बायको लता हसरी, हनुवटीवर हिरवं गोंदण. घाण पाणी खडीतून झिरपतं, टाक्यांत निवळतं, शेवटच्या टाकीत आरशासारखं होतं. शंभरातली नव्वद घाण निघते, म्हणे. उरलेली दहा तू पितोस का, असं मी विचारलं. लता पदराआड खुदखुदली.

१६ ऑगस्ट
बाटलीत ते पाणी घेऊन मिथिलीन ब्लू टाकलं. पाण्यात घाण उरली असेल तर निळा रंग हळूहळू उडतो, नाहीतर कित्येक दिवस टिकतो. इथे बघता बघता उडाला. आणि तरी वास अजिबात नाही! शालिग्राम म्हणाला, मावशी, रिटायर झालात, तुमची शाळा सुटली आता. उद्धट! मिशनच्या शाळेत सिस्टर अगाथांकडे रसायनशास्त्र शिकलेय मी.

२१ ऑगस्ट
दुष्काळाने पांझरा नदी कोरडी, म्हणून बायकांनी श्रावणातल्या कानबाई देवीचं विसर्जन शेवटच्या टाकीत केलं. मी ओरडले, पण ऐकतंय कोण? टाक्या उपसणारा झुलाल मलाच समजावतो, "अक्का, पानी कसं नितळ शे! बठ्ठं धोवाई जास." सगळं धुऊन जातं, म्हणे. लता कंबरभर पाण्यात उतरली, देवीचा नारळ बुडवून रिवाजाप्रमाणे घरी घेऊन आली. देवीचे म्हणून नारळावर काजळाने काढलेले डोळे पुसले गेले, ते ठीक. पण नारळाचे स्वतःचे डोळे? शेंडी, शिरा? नुसता गुळगुळीत गोळा.

२४ ऑगस्ट
लताचं गोंदण नाही. गोंदण पाण्याने जातं? ती म्हणते, मी कधी गोंदवलंच नव्हतं. नळ आटल्यापासून माठ त्याच टाकीवर भरला जातो, हे आज कळलं. फोडला माठ. टंचाईत माठ फोडते म्हणून शालिग्राम मलाच वेडी म्हणतो. संध्याकाळी नवा माठ. पाणी तेच. मी उकळून पितेय.

२६ ऑगस्ट
लताच्या भुवया गेल्या. तळहातावर रेषा नाहीत. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, मी शालिग्रामला म्हटलं. पेला रिकामा करून त्याने शांतपणे विचारलं, कुणाला?

२७ ऑगस्ट
तो एकटाच जेवला. ती चुलीपाशी उभी — नाक आहे, ओठ आहेत, पण कुणाचेही असावेत तसे — मी हाका मारल्या. वळली नाही. आपल्यालाच हाक, हे तिला कळतच —

२८ ऑगस्ट
लताला आज यावलला नेणारच. तिथे तिच्या माहेरी विहीर आहे, आई ओळखेल तरी. मी कालपासून उकळलेल्याचाही थेंब घेतलेला नाही. पिशवी भरली. ऊन फार. जीभ टाळूला चिकटली —

घोटभर प्यायले. त्याशिवाय हिला स्टँडपर्यंत ओढत नेणार कशी —

गार आहे. गोड.

पिशवीत दोन लुगडी आहेत. माझी नाहीत. यावलला माझं कोण —

दारात कुणी बाई उभी आहे. चेहरा अगदी स्वच्छ. नाव विचारते तिला, म्हणजे मग माझंही आठवेल —