सोळा पायांची चिप आणि माझे दोन

सौंसर,
ता. १७ एप्रिल १९८८

आदरणीय सुखदेव भाऊजींना देवीदासचा सविनय जयभीम. वत्सलाताईलाही जयभीम, आणि तिने पाठवलेल्या लोणच्याला वेगळा. तुमचा गुडघा आता कसा आहे? (रोज आठवण येते, कारण माझेही दोन्ही गुडघे सध्या तुमच्याच वाटेला लागले आहेत. कसे, ते पुढे येईल.)

मागच्या पत्रात लिहिलेली मोटर चालवायची चिप नागपुरात मिळाली का? तिच्यापायी इथे काय घडलं ते ऐकाच. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या फोटोमागे धम्मचक्र विजेवर फिरेल, असा शब्द मी फेब्रुवारीच्या सभेत अध्यक्ष तुळशीराम गुरुजींना देऊन बसलो. (त्यांची मुलगी प्रेमलता, रामाकोन्याच्या शाळेत शिकवते, ती तेव्हा समोरच बसली होती. तो योगायोग.) गुरुजी चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बोलनारे लय पाह्यले." आता चक्र फिरलं नसतं तर तहसील कचेरीतला हा बाबू त्या घराचा उंबरठा कधीच चढू शकला नसता.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातल्या नकाशाबरहुकूम सगळं जमलं, फक्त ती सोळा पायांची चिप कुठेच नाही. सीताबर्डीचा दुकानदार म्हणाला, मुंबईहून मागवू, दोन महिने लागतील. मग पांढुर्ण्याला आपल्या सुधाकरकडे गेलो. त्या रेडिओवाल्याने एका मेलेल्या टेपमधून दुसरीच चिप उपटली. म्हणाला, "तिचे पाय सोळा, हिचे बी सोळा. मंग अडचन काय हाय?" बैलाचे पाय मोजून गाय विकत घेण्यातला हा प्रकार, पण मला पटला. बटण दाबताच सुधाकर शांतपणे म्हणाला, "धूर निघून राह्यला." मग इथे घरी आणून आम्ही चिपशिवायच मोटर थेट बॅटरीला जोडली. चक्र असं सुटलं की चोविसातले दोन आरे उडून अंबाबाई आत्याच्या वरणात पडले. (वरण गाळून वाढलं. कोणाला कळलं नाही.)

तेरा तारखेला शेवटी आत्याचं शिलाई मशीन पायडलसकट ट्रॉलीवर चढवलं, पट्टा चक्राला लावला, भोवती निळं कापड ताणलं आणि चौदाला मिरवणुकीत आत मला बसवलं. बदली चिप म्हणजे मी. भाऊजी, काय फिरलं चक्र! तीन तास, एप्रिलचं ऊन, बाहेर ढोल, आत मी पाय मारतोय आणि आनंदाने रडतोय. गुरुजी हार घालायला आले तेव्हा मी थांबलो, ते उतरल्यावर पुन्हा सुरू. ते सगळ्यांना सांगत होते, "हे चिप लय समजदार हाय, मानपान समजते." निळा गुलाल आत आला आणि मला शिंक आली, तर तेच म्हणाले की जपानी मालात असा आवाज होतो. मी कुठे आहे असं कोणी विचारलं की सुधाकर सांगायचा, तो बॅटरी पाहून राह्यला.

बोरगावच्या फाट्यावर मात्र कापडाखालून बांगड्यांचा हात आत आला. हातात शरबताचा गिलास. प्रेमलता हळूच म्हणाली, "चिपले तहान लागली असन. चपला आत घ्या, बाहेरून दिसून राह्यल्या."

समितीने बुद्धपौर्णिमेला हेच चक्र रामाकोन्याला न्यायचं ठरवलं आहे. तिथे रस्ता लांब आणि चढाचा, म्हणून चिप तातडीने हवी. तुम्हा दोघांच्या तब्येतीला आराम पडो.

तुमचा मेव्हणा, तूर्त मोटरीच्या जागी,
देवीदास

ता. क. चिप हे निमित्त. पौर्णिमेला ताईला घेऊन या आणि वडीलधारे म्हणून गुरुजींजवळ माझ्यासाठी प्रेमलतेचा विषय काढा. त्याआधी चक्राचं खरं तेवढं सांगून टाका. मला धीर होत नाही, आणि तुमच्या गुडघ्याकडे पाहून ते फार रागावणार नाहीत.

पुन्हा ता. क. चिप मिळाली असेल तर नागपुरातच राहू द्या. प्रेमलतेने काल विचारलं, रामाकोन्याला चिपले शरबत चालन का मठ्ठा.