आमच्या चालत्या घराचे धक्के

१८ एप्रिल १९३३, सोलापूर
घर तयार! जुन्या लॉरीच्या पाठीवर सागवानी खोली. खिडक्या, पडदे, पलंग, स्टोव्ह. जिल्ह्यात दुसऱ्या कुणा वकिलाचं घर चालत नाही. माझं चालतं.
८ मेला करकंबला मेहुण्याच्या, एकनाथच्या मुलीचं लग्न. माझी अनसूया नवरीची आत्या. तिच्या हातची हळद लागल्याशिवाय नवरी पाटावरून उठायची नाही म्हणते. तर अनसूयेला घरात बसवूनच माहेरी नेणार. एकनाथ मला 'पुस्तकी' म्हणतो. बघेल.

१९ एप्रिल
होटगीपर्यंत ट्रायल. मी पुढे, अनसूया आत. झकास! परतल्यावर म्हणाली, निघताना पलंगावर होते, पोचले तेव्हा पलंगाखाली. बायकांना मोटारीची सवय नसते.
वळणावर घर जरा डोलतं खरं. पण हत्तीसारखं. डौलदार.

२३ एप्रिल
निदान झालं. घर हलकं आहे. तळाशी शहाबादी फरशी भरली. आता डोलत नाही. चढही चढत नाही. फरशी काढली.

२५ एप्रिल
टायरमधली हवा कमी केली. लोण्यावरून चालल्यासारखी चालली! वळण तेवढं घेईना. सरळ एका कासाराच्या ओट्यावर चढली. कासार फार बोलला. प्रगतीला विरोध व्हायचाच.

२९ एप्रिल
मडिवाळप्पा लोहाराकडून चाकांवर स्प्रिंगांचे जादा कमानपाटे घातले. वळणं उत्तम! पण गचका असा की अनसूयेचा अंबाडा छताला लागतो. म्हणाली, मी रेल्वेने जाते. म्हटलं, मग माझ्या अब्रूचं काय? म्हणाली, ती न्या लॉरीतून.

४ मे
साक्षात्कार! दोष बोल्टांचा. घर लॉरीच्या सांगाड्याला, चासीला, करकचून आवळलंय, म्हणून चासीचं दुःख घराला कळतं. बोल्ट ढिले केले, मध्ये गिरणीतलं टाकाऊ सूत कोंबलं. मडिवाळप्पाला कल्पना इतकी पटली की म्हणाला, "मग आनखी ढिलं करू की!" केले.
अनसूयेला चक्कर मारून आणली. चक्क हसली! रेल्वे रद्द.

७ मे, करकंब, दुपार
काय चालली गाडी! मोहोळच्या अलीकडे एक ओढा लागला, तो उतरून चढलो आणि गाडी बदललीच. डोलणं नाही, गचका नाही. वळणं पाण्यासारखी. वेशीपासून हॉर्न वाजवत मांडवापर्यंत गेलो. सगळं गाव गोळा. ऐटीत उतरलो, म्हटलं, एकनाथराव, जरा आत डोकावा.
एकनाथ म्हणाला, "दाजी, आत म्हंजे कुटं? आन् अक्का कुटंय?"
मागे वळून पाहिलं. मागे आकाश होतं.

७ मे, संध्याकाळ
एकनाथला घेऊन तसाच उलटा फिरलो. वाटभर रामरक्षा. तीही मध्येच विसरलो.
ओढ्याच्या वाळूत घर उभं! पडद्यांसकट. दारात अनसूया, शेजारी बिरप्पा धनगराची बायको मायाक्का. दोघी शेळीच्या दुधाचा चहा पीत होत्या. मला रडूच फुटलं. अनसूया म्हणाली, किती हाका मारल्या! मग म्हटलं जाऊ दे, घर पहिल्यांदाच जागेवर बसलंय, आपणही बसावं.
बिरप्पा म्हणाला, "वकीलसायेब, घर लई बेस हाय. आजाबात हलत न्हाय की." पहिला निष्पक्ष अभिप्राय.

९ मे, परतीच्या वाटेवर
अनसूयेने हळद लावली, लग्न थाटात झालं.
आज घर चढवून घ्यायला ओढ्यावर थांबलो, तर बिरप्पाची शेळी आत व्यालेली. दोन करडं. अनसूया म्हणाली, बाळंतिणीला उठवायचं नाही. घर तिथंच.
नवरीची भांडी सोलापूरला सासरी पोचवायची आहेत. लॉरी एकनाथ हाकतोय. अनसूया त्याच्या शेजारी. मी मागे, उघड्या फळ्यांवर, भांड्यांत. ती पुढून ओरडून विचारते, कसं वाटतंय? म्हटलं, उत्तम!
अक्षर फार हलतंय. एक पातेलं डोक्यावर आलं. पेन्सिल बदलायला हवी.