माझ्याआधी येऊन गेलेली

३ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची. जीपमध्ये पाच तास हाडं खिळखिळी झाली, पण उतरून चार पावलं चालले आणि सगळा शीण गेला. दोन्ही बाजूंना कमरेएवढं हिरवं पीक, मधून पायवाट, टोकाला माझं बिऱ्हाड. नेमणुकीचं पत्र आल्यापासून आई म्हणत होती, एवढ्या लांब जाऊन एकटी काय दिवे लावणार आहेस. बघू या.

खोली लहान पण हवेशीर. लोखंडी खाट, एक पाय आखूड असलेलं टेबल, भिंतीला चार खुंट्या. घरमालकिणीला सगळेच काकू म्हणतात, मीही म्हणायला लागले. घरात ती आणि तिची सून. मुलगा शहरात कामाला. सुनेला सहावा महिना आहे. माझी रुंद काठाची टोपी बघून काकूने विचारलं, ही उन्हासाठी आहे की पाखरं हाकलायला? जमेल आमचं.

माझ्याकडे एकतीस शेतकरी. कुणाचंच रान दोन एकरांच्या वर नाही. प्रत्येकाच्या बांधावर आठवड्यातून एकदा जायचं, पीक बघायचं, काय करायचं ते सांगायचं, आणि सांगितलेलं झालं का ते पुन्हा जाऊन बघायचं. काम साधं आहे. लोकांचा विश्वास बसला की झालं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

गेल्या आठवड्यात तंटेबुवांनी माझं ऐकलं. हे त्यांचं खरं नाव नव्हे. सत्तरीचे आहेत आणि सकाळ झाली असं म्हटलं तरी वाद घालतात, म्हणून गावाने ठेवलेलं. त्यांच्या शेताच्या उताराकडचं पीक पिवळं पडत होतं. ते म्हणत खत कमी पडलं, मी म्हणत होते पाणी साचतंय. शेवटी मीच कुदळ घेतली आणि चर खणायला लागले. पाच मिनिटं बघत उभे राहिले, मग कुदळ काढून घेत म्हणाले की खणता तरी नीट येतं का. आठ दिवसांत पात हिरवी झाली. आता बांधाबांधावर सांगत सुटलेत की बाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लोक मला सुपरबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण कळतंच.

३० ऑगस्ट, रविवार

एक काळजी. वरच्या अंगाच्या सहा शेतांत कणसांवर चिकट गुलाबी थेंब दिसले. बोट लावलं तर मधासारखं ओढतं. ही बुरशी आहे. पुढे तिथेच काळे, वाकडे, शिंगासारखे दाणे धरतात आणि ते विषारी. पोटात गेले तर उलट्या, चक्कर, अंगाला झटके. पोटुशी बाई असेल तर विचारायलाच नको.

संध्याकाळी सगळ्यांना कोठारासमोर बोलावलं, जिथे मळणीनंतर गावाचं धान्य एकत्र साठवतात. चिकट कणसं कापून जाळा, आणि मळणीनंतर धान्य दाट मिठाच्या पाण्यात घाला. काळे दाणे वर तरंगतात, ते काढून पुरून टाका, बाकीचं धुऊन वाळवा. बादलीत करून दाखवलं. तंटेबुवा म्हणाले, आता धान्याचंही लोणचं घालायचं म्हणजे. सगळे हसले, पण एकतीसच्या एकतीस जण हो म्हणाले.

१७ सप्टेंबर, गुरुवार

मळण्या उरकत आल्या. तंटेबुवांच्या खळ्यावर गेले तर रास तशीच, न धुतलेली. ओंजळ भरली तर त्यात नऊ काळे दाणे. मी चिडले. ते गोंधळले. म्हणाले, काल दुपारी तूच तर येऊन सांगून गेलीस की आमचं धान्य स्वच्छ आहे, धुवायची गरज नाही.

काल दुपारी मी खालच्या अंगाला होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हाताऱ्याला ऊन लागलं असेल. त्यांच्यासमोर सगळी रास धुऊन घेतली, तेव्हा कुठे घरी आले.

१९ सप्टेंबर, शनिवार

चार खळ्यांवर तेच. चारही ठिकाणी तेच उत्तर: तुम्हीच तर सांगितलंत, बाई. एकीने तर माझ्या भेटींची नोंदवही दाखवली. "धान्य तपासले. खाण्यास योग्य." खाली माझी सही. माझ्या सहीतल्या शेवटच्या अक्षराला मी जो झोक देते, तोसुद्धा.

मी ते लिहिलेलं नाही. कुणी माझी सही गिरवत असेल तर का? कुणाचं काय भलं होणार आहे त्यात?

२१ सप्टेंबर, सोमवार

तंटेबुवा आजारी. कातडीखाली मुंग्या चालतात म्हणतात. हाताची बोटं आखडलीत, उघडत नाहीत. मी धुऊन दिलेलं धान्य खाल्लं का विचारलं. त्यांची लेक म्हणाली, ते तर तुम्ही परत येऊन बदलून नेलंत. हे चांगलं आहे, ते धुतलेलं खाऊ नका म्हणालात.

मी आता यातला एक दाणाही खात नाही. तालुक्याहून आणलेला तांदूळ आहे, तोच शिजवते. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की माझंच डोकं फिरलंय.

काकूलाही सांगितलं. तिने कोठारातल्या धान्याचं पीठ माझ्या देखत उकिरड्यावर टाकलं.

२३ सप्टेंबर, बुधवार

तंटेबुवा गेले. शेवटी शेवटी लेकीला म्हणत होते, बाईला बोलवा. मी गेले तर मला बघून भिंतीकडे सरकले. म्हणाले, "तू नव्हे. ती दुसरी."

आणखी सात घरांत आजारी.

२४ सप्टेंबर, गुरुवार

आज ती दिसली. भर दुपारी, बारा वाजता. वरच्या बांधावर पाठमोरी. माझी टोपी, माझी खांद्यावरची पिशवी, माझंच डावा पाय जरा ओढत चालणं. कापायच्या राहिलेल्या ताटांतून हात फिरवत होती. दोन बोटांनी कणीस धरायचं, किंचित वाकवायचं, सोडायचं. मी असंच करते.

हाक मारली. ती थांबली आणि वळली. तोंड माझंच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी किडक्या कणसाकडे पाहते तसं. मग खाली उतरून घरांच्या दिशेने गेली. मी धावले. पोचले तेव्हा पहिल्याच घरातली बाई म्हणाली, आत्ताच तर गेलीस, पुन्हा काय राहिलं?

२५ सप्टेंबर, शुक्रवार

दारोदार फिरले. हात जोडले. खाऊ नका. पाया पडते, खाऊ नका.

दारं लावून घेतात. आतून बोलणं ऐकू येतं — एकदा खा म्हणते, एकदा नको म्हणते, हिचं कुठलं खरं धरायचं. त्यांचं तरी काय चुकलं? दोन्ही वेळा मीच सांगते.

घरात दुसरं धान्य नाही कुणाच्या. माझा तांदूळ वाटला. एकतीस घरं. मूठमूठसुद्धा पुरला नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून दुपारी तीनपर्यंत टेकडीवर. फोनला तिथेच रेंज. साहेब म्हणाले, तुमचाच अहवाल परवा फोनवर आलाय, सगळं ठीक आहे म्हणून, आवाजही तुमचाच होता. आज काय नवीन? गाडी पाठवा म्हटलं, डॉक्टर पाठवा. म्हणाले, विश्रांती घ्या.

परत आले. दारातच रडणं ऐकलं. सुनेचं मूल — आठवा महिना लागला होता. मुलगी होती.

पिठाचा डबा भरलेला होता. मी विचारलं नाही. काकू आपणहून म्हणाली, तूच आणून दिलंस ना.

माझ्याकडे बघतच नाही आता ती.

२७ सप्टेंबर, रविवार

कोठारात आहे. आतून कडी घातलीय. झरोक्यातून ऊन येतंय, त्यात लिहितेय.

रॉकेलचे दोन डबे आणलेत. भिजलेलं धान्य कुणी खाणार नाही. उपाशी राहतील, पण जगतील. आठवड्याची जीप उद्या येते, मी स्वतः जाऊन धान्य आणीन. एक डबा ओतून झाला. निम्मी पोती —

वासाने लोक जमलेत. दार ठोठावतायत.

आता ठोठावणं थांबलं.

माझा आवाज. बाहेरून. शांत, समजावणीचा, मी बांधावर बोलते तसा. सांगतेय की आत आहे ती मी नव्हे. घराघरात जाऊन खा म्हणाली ती ही. म्हाताऱ्याला, बाळाला हिनेच —

मी ओरडले. माझाच आवाज, पण घोगरा, फाटलेला. मलाच तो खोटा वाटला.

काकू दाराशी आलीय. रडून गळा बसलाय तिचा.

"पोरी, काल दुपारी विहिरीवर मी तुला एक गोष्ट सांगितली. जन्मात कुणाला सांगितली नव्हती. ती सांग. मग या दाराला मी कुणाला हात लावू देणार नाही."

काल दुपारी मी टेकडीवर होते.

तेच सांगितलं. खरं तेच सांगितलं. काकू, मी नव्हते तिथे, तू जिला सांगितलंस ती —

बाहेर कुणीतरी हळू आवाजात बोललं. शब्द कळले नाहीत. मग काकूचा हुंदका. हो, म्हणाली. हो बाई, हेच.

कुऱ्हाड. फळी तडकली —

दुसरा डबा तसाच आहे. झाकण निघत —

हे कुणाच्या हाती लागलं तर एवढंच. काळे दाणे खाऊ नका. कुणीही सांगितलं तरी. मी स्वतः दारात येऊन सांगितलं तरी —