इमेज म्हणजे फोटो नव्हे

६ जानेवारी

गेला एकदाचा! अम्मीच्या भरतकामाच्या मशीनचा कॉम्प्युटर. विंडोज अठ्ठ्याण्णववाला म्हातारा! करंजाड्याच्या गाळ्यातून सकाळीच तिचा फोन — "मिस्बाह, हा उठतच नाही गं." जाऊन पाहिलं. हार्ड डिस्क खल्लास. डिझाइन त्यातूनच मशीनला जातं. तो बंद तर मशीन बंद, आणि अब्बांच्या मागे अम्मीने एकटीने ओढलेला धंदाही बंद.

धाकटे बंधुराज जुनैद खुर्चीत लोळत म्हणतात, "राहू दे ना आपा. नको दुरुस्त करू." स्वतःला नोकरी नाही, आईचाही धंदा बसलेला चालेल याला! मी नाही बसू देणार.

७ जानेवारी

जुनी हार्ड डिस्क मिळाली. विंडोजची सीडी आहे. पण हा म्हातारा सीडीवरून सुरू होत नाही, आधी बूट फ्लॉपी लागते. आमच्या फ्लॉपीला बुरशी!

चुलतभाऊ तबरेजच्या कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामात तशीच एक आहे. म्हटलं, "तिची इमेज काढून पाठव. म्हणजे आतलं सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये." "हो गं, कळलं! आमी काय अडाणी हाय का?"

९ जानेवारी

व्हॉट्सअ‍ॅपवर इमेज आली. फोटो! निळी फ्लॉपी, बाजूला तबरेजचा अंगठा, मागे कटिंग चहा. वर विचारतो, "क्लिअर आलीय ना?"

फ्लॉपीच दे बाबा, म्हटलं. तर — "ती भंगारात दिली. इमेज काढली ना, मग ठेवायची कशाला?"

धन्य आहे!

१३ जानेवारी

सीवूड्सला वरद म्हणून एक 'एक्स्पर्ट' आहे. दुकानाच्या पाटीवर तीन भाषांत 'सर्व कॉम्प्युटर समस्या'. नेटवरून इमेज उतरवून फ्लॉपी बनवून दिली. गाळ्यात लावली — ढिम्म. लॅपटॉपला लावून पाहिलं तर पठ्ठ्याने इमेजची फाइल नुसती कॉपी-पेस्ट केलेली! अरे शहाण्या, फाइल ठेवून भागत नाही, ती इमेज फ्लॉपीवर पहिल्या बाइटपासून उतरवावी लागते. बिर्याणीची कृती लिहिलेला कागद पातेल्यात टाकून दम दिल्यासारखं झालं हे!

"मॅडम, आजकाल हे वापरतं कोण?" माझी आई वापरते, म्हटलं, आणि निघाले.

आता मीच बनवते.

१७ जानेवारी

फ्लॉपीवर दीड एमबीसुद्धा जागा नाही. सीडीचा ड्रायव्हर घातला तर फॉरमॅटची फाइल मावत नाही. हे काढ, ते घाल. आधी लॅपटॉपवरच्या नकली कॉम्प्युटरवर इमेज चालवून बघतेय. ऑफिसात नंदकिशोरने डोकावून पाहिलं — "म्युझियममध्ये जॉइन होतेस काय?" हस लेका. तुला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही.

१८ जानेवारी

इमेज चालली! पण फ्लॉप्या सगळ्या सडक्या.

अम्मी म्हणते, "लवकर कर गं बाई, आता थांबता येणार नाही." ऑर्डरी खोळंबल्या असणार. ही कधी तक्रार करत नाही म्हणून बाकीचे निवांत.

२० जानेवारी

झालं! एक फ्लॉपी शाबूत निघाली. खरखर, खरखर, मग पडद्यावर ते पांढरं अक्षर. सीडी ओळखली, विंडोज चढलं, सीडीवरची जुनी डिझाइनं चढली, दुपारी मशीनने ओढणीवर पहिलं फूल काढलं. अम्मी रडली. माझं कपाळ चुंबलं.

मी जुनैदला म्हटलं, "बघ! तुझ्यासारखं 'राहू दे' म्हणत बसले असते तर?" उठून गेला. जळतो मेला.

२२ जानेवारी

जुनैद अजून बोलत नाही. नको बोलू दे.

२४ जानेवारी

मशीन विकलं. भिवंडीचा माणूस टेम्पोत घालून घेऊन गेला. अम्मीने त्याला डिसेंबरातच शब्द दिला होता — चालू मशीन देईन म्हणून. "मला सुई दिसत नाही गं आता. तू विकू देणार नाहीस म्हणून बोलले नाही."

जुनैदला ठाऊक होतं. बंद पडेपर्यंत तो रोज गाळ्यात मशीन चालवायला शिकत होता. बंद राहिलं असतं तर 'विकू नको, मी चालवतो' म्हणून अम्मीला मनवायला वेळ मिळाला असता, म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस, आपा."

हसलेच असते.