नाव नसलेले दोन लाख

भाईंदर पश्चिम,
५ एप्रिल २०२५

चि. नीरज यास,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो, म्हणून लिहितेय. बाबांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यातला अर्धा वाटा तुला काढून हवाय. तो तुझाच आहे. वाद उरला तो उधारीचा: मार्चअखेर गिऱ्हाइकांकडून पंचवीस लाख येणं आहे. त्यातले दोन लाख मी कुठे लपवले, असं तू विचारलंस. लपवले नाहीत रे. उधारीच्या शंभर रुपयांमागे आठेक रुपये येतच नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. कोणाचे बुडणार ते आज कळत नाही. म्हणून कोणाचंही नाव न लावता तेवढी रक्कम आधीच बुडीत धरायची, तिला तरतूद म्हणतात. उरलेल्या तेवीस लाखांतले निम्मे तुझे.

क्षितिजाला सांग, तुम्हा दोघांच्या नव्या घराचे पडदे मी घेणार. लोभ आहेच, तो हिशेबाबाहेर ठेव.

तुझी ताई,
नीलिमा


नाशिक,
१२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र क्षितिजानेही वाचलं. तिचं मत, ताईंचं चुकत नसेल. पण बिल्डरला महिनाअखेर पैसे द्यायचेत. एक लाख कमी पडले तर बुकिंग जाईल. ज्यांना नावच नाही अशा माणसांनी माझा लाख बुडवला, हे मला पटत नाही.

तुझी शंका यतीनवर आहे ना? तो माझा वर्गमित्र आहे, आपल्याकडून खोकी घेणारी त्याची स्टीलच्या भांड्यांची फॅक्टरी जोरात चाललीय. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुझ्या ताईचा एक रुपया बुडणार नाही."

पूर्ण साडेबारा लाख मिळणार नसतील, तर वकिलामार्फत बोलू. लिहिताना बरं वाटत नाहीये, तरी लिहितोय.

नीरज


भाईंदर पश्चिम,
१९ एप्रिल २०२५

चि. नीरज यास,
आ.

वकील नको. बँकेतून उचल घेऊन आज साडेबारा लाख तुझ्या खात्यात भरले.

यतीनला फोन करायला नको होतास. तो गोदामात आला आणि कामगारांसमोर त्याने मला विचारलं की, मी त्याला बुडव्या समजते का. मी एवढंच म्हटलं, की मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. त्याला ते खरं वाटलं नाही. तुलाही वाटलं नव्हतं.

घर होऊ दे. दिवाळीला यायचं की नाही, ते तू ठरव.

नीलिमा


नाशिक,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवाळीला आलो नाही. तोंड दाखवायचा धीर नव्हता.

यतीनची फॅक्टरी बंद पडल्याचं काल कळलं. तुझे एक लाख साठ हजार त्याच्याकडे होते, हेही कळलं. त्याचा फोन लागत नाही. तुझ्या कामगारांचे पगार झाले का? बँकेच्या उचलीचं काय? माझा जीव थाऱ्यावर नाही.

यातला निम्मा तोटा माझा. एकदम ऐंशी हजार नाहीत. महिन्याला दहा हजार पाठवतो, पहिला हप्ता आजच भरलाय. रागावून का होईना, पण लिही.

तुझा,
नीरज


भाईंदर पश्चिम,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. नीरज यास,
अ. उ. आ.

पगार झाले, बँकेचा हप्ताही गेला. तुला पूर्ण पैसे दिले तरी तरतूद मी मोडली नव्हती. दोन्ही लाख माझ्या वाट्यातून ठेवले. परवा यतीनचं नाव लिहून त्याची रक्कम त्यातून वजा केली. तो तोटा मार्चमध्येच धरून झाला होता, त्यामुळे यंदाच्या नफ्याला धक्का नाही. रोकडीची मात्र ओढाताण झाली. दोन महिने मी धंद्यातून स्वतःसाठी काही घेतलं नाही.

यतीन स्टेशनजवळ दिसला. मला बघून घाईने रिक्षात बसला. तो तुझ्याशी खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्याला तसंच वाटत असणार.

हप्ता मिळाला. परत पाठवत नाही. पाठवला तर तुझी झोप उडेल. क्षितिजाला घेऊन ये, घरी तुमची वाट बघतेय.

तुझी ताई,
नीलिमा

ता. क. तुझ्या राहिलेल्या सत्तर हजारांवरही शेकडा आठ तरतूद धरलीय. रागावू नकोस. ती सगळ्यांवर धरतात.