यादीत नसलेलं जहाज

फैजपूर, ता. यावल
१२ नोव्हेंबर १९९८

भाईदास,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांतलं पहिलंच, म्हणून दोनदा वाचलं.

इकडचं ठीक आहे. जूनमध्ये निवृत्त झाले. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणून शाळेनं शाल दिली. घेतली, भाषण केलं नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. केळीची बाग आपला गडी कौतिक बघतो. थंडी लवकर पडली, घडांना चरका बसेल म्हणून रोज कुरकुरतो.

आता तुझं. फेब्रुवारीपासून रेडिओ ऑफिसर हे पदच जहाजावरून जाणार. मोर्सची टकटक ऐकून लिहून घेणारा माणूस नको. उपग्रहावरून आलेला निरोप यंत्रच छापणार आणि कप्तान वाचणार. कंपनी तुला तीन महिन्यांचा दुरुस्तीचा वर्ग देऊन ठेवून घ्यायला तयार आहे. एक डिसेंबरपर्यंत होकार कळवायचा, आणि तू तो कळवणार नाहीस. का, तर "ज्याला स्वतःच्या बापाची तार ऐकू आली नाही, त्यानं असल्या कामावर पोट भरू नये. घरी तरी कोणत्या तोंडानं येऊ?"

हे वाचून मी चहा केला, प्यायला, आणि लिहायला बसले.

पंच्याण्णवच्या ऑगस्टमध्ये आपले आबा गेले. माझं पत्र तुला दीड महिन्यानं रॉटरडॅमला मिळालं, तेव्हा तू विचारलंस, तार का नाही? मी लिहिलं, तार केली होती, हवा खराब असेल. दोष हवेवर टाकला की कुणा माणसाला लागत नाही, असं मला वाटलं. तुझी नोकरीच हवेची, हे ध्यानात आलं नाही. ज्या जहाजांसाठी निरोप आहेत त्यांची यादी मुंबईचं केंद्र ठरल्या वेळी पाठवतं आणि ती ऐकणं हे तुझं काम. तुझ्या वहीत त्या आठवड्याच्या सगळ्या याद्या स्वच्छ ऐकल्याची नोंद आहे. म्हणजे हवा ठीक होती. मग चुकलं कोण? तुझाच कान. तीन वर्षं तू हे धरून बसला आहेस, ते मला तुझ्या पत्रातून कळलं.

यादीत तुझं जहाज नव्हतं. मी तार केलीच नाही.

पोस्टात गेले होते. तारमास्तर हिलाल खुशीत होते. "या बाई! फैजपूरची केळी दिल्लीपावतर जाती, पन समुद्रात तार जाती ती फक्त तुमची." मी फॉर्म भरत होते. ते वाकून म्हणाले, "जहाजाचं नाव ठसठशीत लिहा बरं, नाहीतर भलत्याच जहाजावर भलताच माणूस रडत बसंल." मी फॉर्मची घडी केली, पिशवीत टाकली. "पत्ता तपासून येते," मी म्हणाले. परत गेले नाही.

तूच एकदा सांगितलं होतंस. कुणा खलाशाच्या घरची वाईट बातमी आली की रेडिओ ऑफिसर ती त्याला देत नाही. पाकिटात घालून कप्तानाला देतो. जहाजावरच्या बावर्च्याची आई गेल्याचं तू लिहून घेतलंस, आणि कप्तानानं त्याला बोलावेपर्यंत त्याच्याच हातची आमटी गप्प बसून जेवलास. मी मनाशी म्हटलं, तुझी बातमी पाकिटात कोण घालणार? एकेक अक्षर तुझ्याच कानात पडणार आणि तुझाच हात ते लिहिणार.

हे कारण चांगलं आहे. तीन वर्षं मी ते स्वतःला सांगत आले. खरं कारण ते नाही.

तारेत 'आबा अत्यवस्थ, ये' एवढंच होतं. आबा त्यानंतर आठ दिवस होते, शुद्धीवर. रोज विचारायचे, "भाईले तार केली का वं, पुष्पे?" मी म्हणायचे, केली. "मंग येईन तो."

तुझ्या बंदरांचं वेळापत्रक माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. चौथ्या दिवशी एडन. तिथून विमानानं मुंबई, मुंबईहून रेल्वेनं भुसावळ. मी हिशेब केला होता. तू सहाव्या दिवशी पोचला असतास.

अकरा वर्षं त्यांचं अंथरूण मी घातलं, पथ्य मी सांभाळलं. तुझं पत्र आलं की ते गल्लीभर वाचून दाखवायचे. मी आतल्या खोलीत पेपर तपासत असायचे. तू आला असतास तर ते शेवटचे दिवसही तुझे झाले असते. ते मला तुला द्यायचे नव्हते. मला मिळाले असंही नाही. ते दाराकडे बघत गेले.

हे पत्र क्षमेसाठी नाही, तुझ्या कामासाठी आहे. तुझी वही बरोबर आहे. एकवीस वर्षांत तुझ्याकडून एकही निरोप सुटलेला नाही. जहाज वीस तारखेला कांडल्याला लागेल असं तू लिहिलं आहेस, म्हणून तिथल्या एजंटाच्या पत्त्यावर रजिस्टरनं पाठवते आहे. कंपनीला होकार कळवायला दहा दिवस राहतील. तो कळव. नवं यंत्र शीक. त्याला आई-बाप नसतात, हे एका परीनं बरंच.

मला उत्तर द्यायचं की नाही, या घरी यायचं की नाही, ते तुझं तू बघ. सहीच्या वर नातं लिहीत नाही. ते उरलं आहे का, हे सांगणं आता माझ्याकडे नाही.

पुष्पा