संमतिपत्रावरची पहिली सही

गार्डन रीच, कोलकाता
भाद्रपद शुद्ध पंचमी, दि. २८ ऑगस्ट २०२५

चि. अजेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल गणपती यथासांग बसले. यामिनीने केलेल्या एकवीस मोदकांपैकी दोन फुटले. ते तुझ्या वाट्याचे, असे ही तुझी बायकोच म्हणाली. गुवाहाटीला जेवणाची सोय नीट लागली ना? आज माझी ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य, म्हणून तुझ्या लेकीने, कालिंदीने, शाळेच्या वाफ्यातून आणलेला अळू नि माठ शिजवला.

फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. ‘कालिंदीला समजावलंस का?’ असे तू विचारलेस आणि मी ‘बोलले’ म्हणाले. ते असत्य नव्हते, अपुरे होते.

तुझ्याच सांगण्यावरून मी तीन आठवड्यांपूर्वी बजबजजवळच्या शाळेच्या शेतावर गेले. तिला शेतीच्या तासातून मोकळी करा, इंजिनिअरिंगच्या क्लासला वेळ मिळू द्या, एवढेच सांगायचे होते. तिचे शेतीचे शिक्षक मंडलबाबू शांतपणे म्हणाले, “माशीमा, आधी पाहा, मग बोला.” मुले भातातले तण काढीत होती. मीही पदर खोचून उतरले. साठ वर्षे दूर्वा निवडणाऱ्या बाईला गवत कोण शिकवणार! अर्धी ओळ उपटून झाली आणि एक मुलगी ओरडली, “ठाकुमा, ओटा तो धान!”

मी भात उपटला होता आणि तण जतन केले होते.

पोरे हसली. कालिंदीने त्यांना बंगालीत असे झापले की सारी गप्प. मग तिच्या त्या अडखळत्या मराठीत मला म्हणाली, “आजी, पान दांड्याला मिळतं ना, तिथे बघ. भाताला पातळ पडदा असतो. ह्याला नाही.”

“मला मेलं सारखंच दिसतं.”

“दूर्वा ओळखता येते म्हणजे सगळं गवत येतं असं नाही, आजी.”

उपटलेली रोपे तिने पुन्हा लावली. दोन माझ्याकडून लाववून घेतली.

तीस वर्षे मी संस्कृत शिकवले. पाठ केलेली विद्या आणि अंगी मुरलेली विद्या यांतला भेद मला कळतो. गणितात तिला ब्याण्णव गुण आहेत, तेव्हा ती कशाला भिऊन पळत नाही. बारावीनंतर तिला कृषी विद्यापीठात जायचे आहे. आपल्या घरात कुणी शेती केली नाही, हे तुझे म्हणणे खरे. पण अन्नाला ब्रह्म म्हणत रोज पाटावर बसणारी मी, त्या ब्रह्माचे पान मला ओळखता आले नाही.

आता राहिलेले लिहिते. क्लास तिने पंधरा दिवसांपूर्वीच सोडला, मला विचारून. यामिनीला काल सांगितले. ती माझ्याशी मोजकेच बोलते आहे. शेतावरच्या वर्षभराच्या कामासाठी शाळेचे जे संमतिपत्र आहे, त्यावर मी सही केली आहे. वडिलांच्या सहीची जागा रिकामी आहे. कागद सोबत जोडला आहे. दहा सप्टेंबरपर्यंत शाळेत पोचावयास हवा.

तुला मी आजवर आज्ञाच केल्या आणि तू त्या पाळल्यास. ही आज्ञा नव्हे. नकार द्यावयाचा असेल, तर तो तिला तू स्वतः सांग. माझ्या मुखातून तो यापुढे जाणार नाही.

तुझी, आणि या एका बाबतीत आधी तिची,
आई